निकाहनामा जिथे गप्प बसतो

मुंबईतल्या मुसलमान घरात लग्न ठरलं की पहिली चर्चा हॉलची, दुसरी जेवणाची आणि तिसरी दागिन्यांची. निकाहनाम्याची, म्हणजे लग्नाच्या लेखी कराराची, चर्चा होते ती मेहेरच्या, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायच्या रकमेच्या, आकड्यापुरती, आणि तीही दोन्हीकडचे वडीलधारे चहा घेत असताना पाच मिनिटांत उरकते. बाकीचा छापील कागद काझीसाहेब आणतात आणि तेच भरतात. नवरा-नवरी सह्या करतात, साक्षीदार सह्या करतात, खजूर वाटले जातात. ‘शर्ती’ असं छापलेल्या जागेत बहुतेक वेळा आडवी रेघ मारलेली असते.

ती रेघ महाग पडते. लग्नाआधीचा करार हे सिनेमावाल्यांचं आणि उद्योगपतींचं फॅड आहे असं आपल्याकडे सर्रास मानलं जातं. हिंदू विवाह कायद्यात त्याला जागाच नाही, त्यामुळे ते मानणं समजण्यासारखं आहे. पण निकाह हा मुळातच करार आहे. एकाने प्रस्ताव मांडायचा, दुसऱ्याने कबूल करायचा, साक्षीदारांनी ऐकायचं आणि मेहेर ठरवायची. अलाहाबाद हायकोर्टाच्या न्यायमूर्ती महमूद यांनी १८८६ साली एका निकालात मुस्लिम विवाहाची ही करारी बाजू सविस्तर मांडली आणि तो निकाल आजही वकिलांच्या तोंडी असतो. म्हणजे लग्नाआधी अटी घालून घेण्याची सोय इथे आयती आहे. ती वापरायची पद्धत मात्र राहिली नाही.

आता मुद्द्याचा प्रश्न. कागद गप्प असेल तर त्या गप्पपणाचा अर्थ कोण लावतं? ज्या राज्यात भांडण उभं राहतं, त्या राज्याचा कायदा. आणि हा अर्थ महाराष्ट्रात एक, गोव्यात दुसरा, कॅलिफोर्नियात तिसरा निघतो.

समजा, कुर्ल्याचं एक जोडपं आहे. लग्नाला बारा वर्षं झाली. पनवेलला फ्लॅट घेतला, करारनामा नवऱ्याच्या नावावर, कर्जाचा हप्ता त्याच्या पगारातून. ती शाळेत शिकवते. तिचा पगार किराणा, मुलांची फी, सासूची औषधं आणि सोसायटीचा मेंटेनन्स यांत जातो. तलाक झाला. फ्लॅट कोणाचा?

त्याचा. संपूर्ण.

इथे बरेच जण म्हणतील, शरियतमुळे बाईवर अन्याय होतो. पण हे जोडपं कुलकर्णी किंवा जाधव असतं तरी उत्तर तेच आलं असतं. भारतात गोवा सोडला तर नवरा-बायकोची मिळकत आपोआप सामाईक होत नाही. ज्याच्या नावावर आणि ज्याच्या पैशाने घेतली, त्याची ती. कोर्ट पोटगी देईल. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली घरातून हाकलून देण्याला मनाई करू शकेल. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. किराण्याची बिलं दाखवून फ्लॅटमध्ये हिस्सा मिळत नाही. डाउन पेमेंटचे चार लाख तिच्या खात्यातून बिल्डरकडे गेल्याचं बँक स्टेटमेंट असेल तर निदान तेवढ्यावर वाद घालता येतो. मला हे फार खटकतं. घर चालवणारा पगार हवेत विरतो आणि हप्ता भरणारा पगार भिंती होऊन उभा राहतो.

म्हणून महाराष्ट्रातल्या मुसलमान बाईसाठी निकाहनामा हा शोभेचा कागद नाही. कायद्याने जी वाटणी दिलेली नाही, तिची थोडी भरपाई आधीच लिहून घेण्याची ती जागा आहे.

त्यातली सगळ्यात भक्कम गोष्ट म्हणजे मेहेर. मेहेर ही भेट नाही आणि वधूची किंमत तर नाहीच. ते नवऱ्याच्या डोक्यावरचं बायकोचं कर्ज आहे. नगद मेहेर बायको मागेल तेव्हा द्यावी लागते. उधार मेहेर तलाक झाला किंवा दोघांपैकी कोणी वारलं की देय होते. काहीच ठरवलं नसलं तरी मेहेर बुडत नाही. तिच्या माहेरच्या बायकांना साधारण किती मिळाली, तिचं शिक्षण काय, घराणं कसं, हे पाहून कोर्ट रक्कम ठरवू शकतं.

कर्ज म्हटलं की हिशेब बदलतो. नवरा वारला तर आधी त्याची देणी फेडायची आणि मग उरलेल्याचे वाटे करायचे. मुलं असतील तर सुन्नी कायद्यात विधवेचा वाटा एक अष्टमांश, नसतील तर एक चतुर्थांश. मेहेर त्या अष्टमांशाच्या आधी येते. समजा मिळकत ८० लाखांची आणि न दिलेली मेहेर १६ लाखांची. आधी १६ लाख तिचे, मग राहिलेल्या ६४ लाखांतले ८ लाख वारसा म्हणून तिचे. मेहेर ११ हजार असती तर सगळं मिळून तिच्या हातात दहा लाखांच्या वर थोडेसेच आले असते. आणखी एक हक्क फारसा कुणाला ठाऊक नसतो. मेहेरपोटी नवऱ्याच्या मिळकतीचा ताबा तिच्याकडे रीतसर आलेला असेल, जबरदस्तीने किंवा फसवून नव्हे, तर मेहेर मिळेपर्यंत ती तो ताबा सोडायला बांधील नाही. पण ती मिळकत ती विकू किंवा बक्षीस देऊ शकत नाही. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील कोर्टाने, हे १९२५ सालीच स्पष्ट केलं.

मग अडतं कुठे? आकड्यात. ७८६ रुपये, ५,७८६ रुपये, ११ हजार. अनेक घरांत आकडा शुभ म्हणून निवडतात, पुरेल का हे बघून नाही. १९८५ च्या गाजलेल्या शहाबानो खटल्यात वकील नवऱ्याने मेहेर म्हणून कोर्टात भरलेली रक्कम ३,००० रुपये होती. त्रेचाळीस वर्षांच्या संसाराची. रुपयात लिहिलेली उधार मेहेर व्याजाशिवाय पडून राहते आणि महागाई तिला आतून खात जाते. म्हणून काही घरांत आता सोन्यात मेहेर लिहितात, आणि हे मला पटतं. मात्र लिहिताना तोळ्यात लिहू नये. सराफाचा तोळा आज दहा ग्रॅमचा, जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. पंधरा तोळ्यांवर हा फरक जवळजवळ २५ ग्रॅमचा होतो आणि कोर्टात तेवढ्यावर वर्ष जाऊ शकतं. ‘२२ कॅरेटचं १५० ग्रॅम सोनं किंवा देण्याच्या दिवशीच्या भावाने तेवढी रक्कम’ एवढं वाक्य पुरतं. मेहेर-ए-फातिमी, म्हणजे पैगंबरांची मुलगी फातिमा यांच्या मेहेरइतकी मेहेर, ठरवणाऱ्यांनीही चांदीचं वजन ग्रॅममध्ये लिहावं. ५०० दिरहमचा जो हिशेब सहसा धरतात, तो जुन्या मापाने सुमारे १३१ तोळे, म्हणजे दीड किलोच्या थोडा वर जातो.

‘मेहेर माफ केली’ हा प्रकारही आहेच. बाई आपल्या मर्जीने मेहेर सोडू शकते, कायदा आड येत नाही. पण मर्जी खरी असायला हवी. नवऱ्याचं मयत दारात असताना चार बायकांनी भरीला घालून वदवून घेतलेली माफी कोर्टांनी ग्राह्य धरलेली नाही. आणि मुदत ध्यानात ठेवा. तलाक किंवा मृत्यूनंतर तीन वर्षांत दावा लावावा लागतो. नगद मेहेर मागितली आणि नवऱ्याने साफ नाही म्हटलं, तर घड्याळ त्या दिवसापासून चालू होतं.

आता त्या आडव्या रेघेकडे, म्हणजे शर्तींकडे येऊ. इथे काय टिकतं आणि काय टिकत नाही, हे वाक्य कसं लिहिलंय त्यावर ठरतं.

टिकलेलं एक जुनं उदाहरण पानदानाच्या खर्चाचं. उत्तरेकडच्या खानदानी घरांत सुनेला हातखर्चासाठी दरमहा रक्कम बांधून द्यायचे, खर्च-ए-पानदान म्हणायचे त्याला. १८७७ साली एका लग्नाआधी मुलाच्या बापाने मुलीच्या बापाला लिहून दिलं की सुनेला दरमहा ५०० रुपये मिळतील. पुढे बिनसलं, ती वेगळी राहू लागली आणि पैसे बंद झाले. सासऱ्याचं म्हणणं, करार मी तुझ्या बापाशी केला होता, तू त्यात नव्हतीसच. १९१० साली प्रिव्ही कौन्सिलने तिच्या बाजूने निकाल दिला. करार जिच्यासाठी केला, ती दावा लावू शकते. ब्रिटिश काळात ५०० रुपये महिना म्हणजे काय चीज होती!

याउलट, आपल्याच मुंबई हायकोर्टाने १९१२ साली बाई फातमा खटल्यात एक करार रद्दबातल ठरवला. नवऱ्याने लग्नानंतर लिहून दिलं होतं की पुढेमागे आपण वेगळे झालो तर इतका खर्च देईन. कोर्ट म्हणालं, असा करार नवरा-बायकोने वेगळं व्हावं याला खतपाणी घालतो, म्हणून तो सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे. पण अलाहाबाद हायकोर्टाने १९२१ साली लग्नाआधीचा असा करार उचलून धरला, ज्यात बेबनाव झाला तर बायकोला खर्च मिळण्याची हमी होती. दोन्हींत पैसा आहे आणि दोन्हींत वेगळं राहणंही आहे. तेव्हा शर्त लिहिताना ‘वेगळं राहिलो तर’ एवढंच मोघम लिहू नये. छळ केला, खर्च दिला नाही, दुसरं लग्न केलं, असं नेमकं कारण लिहावं.

दुसऱ्या लग्नाविषयीची शर्त बऱ्याच मुलींना हवी असते. ‘दुसरं लग्न करणार नाही’ असं नवऱ्याने लिहून दिलं आणि तरी केलं, तर ते दुसरं लग्न त्या शर्तीमुळे रद्द होत नाही. शर्तीला दात बसतात ते पुढच्या ओळीने: ‘केल्यास पत्नीला स्वतःहून तलाक घेण्याचा अधिकार राहील आणि उधार मेहेर त्याच दिवशी देय होईल.’ नवऱ्याने आपला तलाकचा अधिकार बायकोकडे सोपवणं, याला तलाक-ए-तफवीज म्हणतात. वाजवी अटींवर दिलेला असा अधिकार कलकत्ता हायकोर्टाने शंभरेक वर्षांपूर्वीपासून मान्य केलेला आहे. माझ्या मते निकाहनाम्यात एकच शर्त लिहायची असेल तर ही लिहावी. नाहीतर नवरा खुला, म्हणजे बायकोने मागितलेला तलाक, द्यायला राजी होत नाही आणि १९३९ च्या कायद्याखाली घटस्फोटाची कारणं सिद्ध करत वांद्र्याच्या फॅमिली कोर्टात तारखा मोजाव्या लागतात.

काही गोष्टी लिहूनही उपयोग नाही. ‘तलाकनंतर पोटगी मागणार नाही’ असं बायकोकडून लिहून घेतलं तरी ते कोर्टात चालत नाही. मुलांचा ताबा कोणाकडे, हे आई-बापांनी आधी काहीही ठरवलं तरी न्यायाधीश मुलाचं हित बघूनच ठरवतो. पोटगीचा मार्ग तर आता बराच मोकळा झाला आहे. १९८६ च्या कायद्याने इद्दतीच्या, म्हणजे तलाकनंतर बायकोने दुसरं लग्न न करता थांबायच्या, काळात ‘वाजवी आणि न्याय्य’ तरतूद करायला सांगितलं. सुप्रीम कोर्टाने २००१ साली डॅनियल लतीफी खटल्यात त्याचा अर्थ लावला की तरतूद इद्दतीच्या आत करायची, पण ती तिच्या पुढच्या आयुष्याचा विचार करून. आणि जुलै २०२४ मध्ये त्याच कोर्टाने सांगितलं की तलाकशुदा मुस्लिम स्त्री तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालीही (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४) पोटगी मागू शकते. त्याच १९८६ च्या कायद्यात, लग्नात किंवा नंतर तिला मिळालेल्या वस्तू तिच्या तिला परत मिळण्याचा हक्क आहे. म्हणून दागिन्यांची यादी निकाहनाम्याला जोडावी, वजनांसकट.

फ्लॅटच मेहेरमध्ये द्यायचा असेल तर? हौसेने निकाहनाम्यात ‘मुंब्र्याची खोली मेहेरमध्ये’ असं लिहून मालकी जात नाही. मेहेरच्या बदल्यात स्थावर देणं हा कायद्याच्या नजरेत विक्रीसारखा व्यवहार आहे. त्याचा दस्त मुद्रांक भरून दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो, मग सोसायटीकडे शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवायचं. सोसायटीत नॉमिनी म्हणून तिचं नाव घालून निश्चिंत होणारेही खूप भेटतात. नॉमिनी मालक नसतो. बाकीचे वारस उभे राहिले की तिला आपला वाटा मोजून घ्यावा लागतो.

स्पेशल मॅरेज ॲक्टचा पर्याय काही सुशिक्षित जोडपी निवडतात. आधी निकाह झालेला असला तरी नंतर १९५४ च्या या कायद्याखाली नोंदणी करता येते. त्याने वारशाचे नियम बदलतात. मुलं असतील तर विधवेला अष्टमांशाऐवजी एक तृतीयांश, मुलगा-मुलगी समान. पण घटस्फोटात फ्लॅट वाटून मिळतो का? इथेही नाही.

वाटून मिळतो तो गोव्यात. कोकणकन्याने एका रात्रीत गाठता येणाऱ्या या राज्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा अजून मुळाशी आहे आणि मुसलमानांना शरियतचे नियम लावणारा १९३७ चा कायदा तिथे लागू नाही. तिथे लग्नाआधी काही वेगळं ठरवलं नाही तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक होते, निम्मी-निम्मी. स्थावर विकायचं तर दुसऱ्याची संमती लागते. वेगळं ठरवायचं असेल तर लग्नाआधी रीतसर दस्त करायचा, आणि लग्नानंतर तो बदलता येत नाही. गोव्यातला मुसलमानही यात आला. म्हणजे आपल्या त्या शिक्षिकेचं लग्न मडगावात झालं असतं तर तिच्या गप्प कागदाचा अर्थ ‘अर्धा फ्लॅट तुझा’ असा निघाला असता. सुप्रीम कोर्टाने २०१९ साली तर असंही सांगितलं की गोव्याच्या माणसाची मिळकत गोव्याबाहेर, भारतात कुठेही असली तरी तिच्या वारशाला गोव्याचाच कायदा लागतो. त्या खटल्यातली मिळकत मुंबईतली होती.

आणि मुलगी अमेरिकेला जाणार असेल? कोकणातल्या, मुंबईतल्या कितीतरी घरांतली मुलं आखातात जातात तशी न्यू जर्सी-कॅलिफोर्नियालाही जातात. तिथल्या कोर्टांपुढे मेहेर आली की न्यायाधीश शरियतचा अर्थ लावत बसत नाहीत. हा साधा करार म्हणून उभा राहतो का, एवढंच पाहतात. न्यू जर्सीत २००२ साली एका खटल्यात मेहेर होती एक सोन्याचं नाणं नगद आणि १० हजार डॉलर उधार. नवरा म्हणाला, हा धार्मिक कागद आहे, कोर्टाचा काय संबंध? न्यायाधीशाने लग्नाची व्हिडिओ कॅसेट पाहिली. त्यात बोलणी आणि सह्या स्पष्ट दिसत होत्या. बायकोला १० हजार डॉलर मिळाले. लग्नाच्या व्हिडिओत स्टेजवरच्या फोटोंपेक्षा सह्यांचं चित्रण नीट करून घ्या, हा सल्ला मी गंमत म्हणून देत नाही.

कॅलिफोर्नियात मात्र उलटं घडलं. १९८८ साली तिथल्या अपील कोर्टाने उधार मेहेर अमान्य केली, कारण घटस्फोट झाल्यावरच पैसे मिळणार म्हणजे बायकोला घटस्फोटाची लालूच! नवऱ्याने उठता-बसता तलाक देऊ नये म्हणून ज्या रकमेची सोय, तिचाच असा अर्थ लागला. पुढे २००१ साली तिथेच एका डॉक्टर नवऱ्याने इजिप्तमधला एक पानी विवाहाचा कागद पुढे केला. त्याचं म्हणणं, लग्न इस्लामी कायद्याने झालंय, म्हणून मिळकत ज्याची त्याची, तिला निम्मं नाही. कोर्ट म्हणालं, या कागदात मिळकतीविषयी पुरेशा स्पष्ट अटीच नाहीत. बायकोला राज्याच्या कायद्याप्रमाणे निम्मा हिस्सा मिळाला. मेरीलँडमध्ये २००८ साली तोच प्रकार. कराचीत लग्न, मेहेर ५१ हजार पाकिस्तानी रुपये, नवरा जागतिक बँकेत नोकरीला. बायकोने घटस्फोटाचा दावा लावल्यावर त्याने वॉशिंग्टनच्या पाकिस्तानी वकिलातीत जाऊन तलाक लिहिला आणि म्हणाला, आता मेहेर दिली की संपलं. कोर्टाने तो तलाक मानला नाही. निकाहनाम्यात पेन्शनविषयी एक अक्षर नव्हतं, आणि काही न लिहिणं म्हणजे हक्क सोडणं नव्हे, असं म्हणून पेन्शनमध्ये तिचा निम्मा वाटा कायम केला.

म्हणजे गंमत बघा. महाराष्ट्रात कागद गप्प राहिला तर बायकोचं नुकसान, तिथे गप्प राहिला तर नवऱ्याचं. म्हणूनच अमेरिकेतलं स्थळ आलं की मुलाकडचे कधीकधी दुसरा इंग्रजी करार पुढे करतात. तो निकाहच्या दिवशी, हॉलमध्ये घाईघाईत मुलीसमोर ठेवला तर सही करू नये. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात तर अंतिम मसुदा हातात पडल्यापासून सहीपर्यंत सात दिवस जायला हवेत, आणि तिचा वकील वेगळा हवा किंवा तिने तो हक्क वेगळ्या लेखी कागदावर सोडलेला हवा.

इथल्या घरांत अडचण वेगळीच असते. शर्तींचा विषय काढायचा कोणी? मुलीने काढला तर आगाऊ, तिच्या बापाने काढला तर संशयी. काही काझी ‘आमच्याकडे असं लिहीत नाहीत’ म्हणून मोकळे होतात. पण ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने स्वतःच २००५ साली आदर्श निकाहनामा काढला होता, आणि मुस्लिम महिलांच्या संघटनांनीही आपापले मसुदे मांडले आहेत. तेव्हा शर्ती लिहिणं ही काही नवी टूम नाही. काझीसाहेबांच्या फॉर्मात जागा पुरत नसेल तर वेगळा कागद करा, त्यावर दोघांच्या आणि त्याच साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि निकाहनाम्यात ‘सोबत जोडलेल्या शर्तींसह’ एवढं लिहायला सांगा. हे निकाहच्या आठ-दहा दिवस आधी, शांतपणे करावं. त्या दिवशी मांडवात कोणाचंही डोकं ठिकाणावर नसतं.

पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात लग्नाची नोंदणी जरूर करा. व्हिसाला तेच प्रमाणपत्र लागतं. पण त्यावर नावं, पत्ते, तारीख एवढंच येतं. मेहेर आणि शर्ती राहतात निकाहनाम्यातच, आणि त्याची मूळ प्रत बहुतेक घरांत सासरच्या कपाटात असते. सह्या होतानाच दोन मूळ प्रती करून घ्याव्यात आणि एक मुलीने स्वतःकडे ठेवावी. कागद उर्दूत असेल तर त्याचं प्रमाणित मराठी किंवा इंग्रजी भाषांतर तेव्हाच करून घ्यावं. साक्षीदारांचे पूर्ण पत्तेही लिहून ठेवावेत. पंधरा वर्षांनी त्यातला एक मीरा रोडला गेलेला असतो आणि दुसरा कतारला.